महिन्याला सहा ड्यूट्या : आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांचे प्रकरण

आकाशवाणीचे एखादे केंद्र नैमित्तिक उद्घोषकांच्या आवाज चाचणीची जाहिरात काढते, तेव्हा तीत एक अट ठळकपणे सांगितलेली असते : ही नोकरी नव्हे, आणि या कामामुळे नियमित नेमणुकीचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. तरीही माणसे अर्ज करतात. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, शिक्षक असतात, गृहिणी असतात, हौशी रंगभूमीवर काम करणारे असतात. ते लेखी परीक्षा देतात, मायक्रोफोनसमोर बसून दिलेला मजकूर वाचतात, निवड झाल्यास शुल्क भरून वाणी प्रमाणपत्राचे प्रशिक्षण पूर्ण करतात आणि मग केंद्राच्या पॅनेलवर येतात. पॅनेलवर आलेल्या व्यक्तीला महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या मिळतात.

या प्रकरणाचा सगळा पेच त्या सहा ड्यूट्यांमध्ये आहे. रेडिओ उद्घोषकाच्या पेशाला उतरती कळा का लागली, असे विचारले की मोबाइल, खासगी एफएम आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता ही तीन कारणे लगेच पुढे केली जातात. महाराष्ट्रातील आकाशवाणी केंद्रांवर गेल्या तीन-साडेतीन दशकांत काय काय घडत गेले, याचा क्रम लावून पाहिला, तर मात्र निराळेच चित्र दिसते. नोकरी आधी गेली, मग काम कमी होत गेले आणि यंत्र सर्वांत शेवटी आले. यंत्र आले तेव्हा त्याला हटवायला कायम नोकरीतला माणूस त्या खुर्चीवर जवळजवळ उरलाच नव्हता. या क्रमाकडे दुर्लक्ष केले, तर या पेशाविषयीची सगळी चर्चा चुकीच्या ठिकाणी सुरू होते, असे माझे मत आहे.

एका सभेचे काम

आकाशवाणीचे दिवसाचे प्रसारण तीन सभांमध्ये विभागलेले असते आणि उद्घोषकाची ड्यूटी एका सभेची असते. सकाळच्या सभेसाठी येणारा उद्घोषक प्रसारण सुरू होण्याच्या बराच आधी केंद्रावर पोहोचतो. ड्यूटी रूममध्ये त्याच्या हाती त्या दिवसाची क्यू-शीट येते. कोणता कार्यक्रम कितव्या मिनिटाला सुरू होणार, त्याची लांबी किती, ध्वनिमुद्रण कोठे ठेवले आहे, दिल्लीचे किंवा मुंबईचे बातमीपत्र कोणत्या क्षणी सहक्षेपित करायचे, म्हणजे तेथून येत असताना तसेच पुढे सोडायचे, हे सारे त्या कागदावर असते. संकेतधून, वंदे मातरम् आणि मंगलध्वनी झाले, की केंद्राचे नाव, तारीख आणि वेळ सांगणारा पहिला आवाज त्याचा.

ऐकणाऱ्याला एवढेच कळते. काचेच्या आतला माणूस त्या वेळी काय करत असतो, ते बाहेरून दिसत नाही. समजा, साडेचौदा मिनिटांचे भाषण चौदा मिनिटांतच संपले आणि त्यानंतर लगेच दिल्लीचे बातमीपत्र जोडायचे आहे. मधल्या अर्ध्या मिनिटात शांतता पडून चालत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, केंद्र बंद पडले. उद्घोषक वाद्यसंगीताचा तुकडा सोडतो, त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी पट्टी, हळूहळू खाली आणतो, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा नेमक्या तेवढ्याच शब्दांत बसवतो आणि सेकंदकाटा बारावर येताच जोडणी करतो. जोडणी बिघडली, तर दिलगिरीचे वाक्य त्याच्या तोंडी तयार असावे लागते आणि लॉगबुकात त्याची नोंद व्हावी लागते. निधनाची बातमी आल्यावर पुढचे आनंदी गीत बदलायचे का, हा निर्णय वरिष्ठांना विचारून का होईना, पण पहिल्यांदा त्यालाच सुचावा लागतो.

भाषेचेही तसेच. ‘चाकण’ आणि ‘चिपळूण’ या दोन्ही नावांची सुरुवात ‘च’नेच होते, पण दोन्ही च एकसारखे म्हणणारा माणूस मराठी श्रोत्याला दोन शब्दांतच परका वाटतो. ‘जळगाव’ आणि ‘जिंतूर’ यांतल्या ज चेही तेच. ‘चंद्र’ म्हणताना जीभ टाळूला लागते आणि ‘चांदणे’ म्हणताना दातांकडे येते, हा भेद लिपीत कोठेच दिसत नाही. तो कानाने शिकावा लागतो. पूर्वीच्या केंद्रांवर नवा उद्घोषक जुन्या उद्घोषकाशेजारी बसून हे शिकत असे. हा जुना उद्घोषक पूर्णवेळ नोकरीत होता आणि रोज त्या खुर्चीवर येत होता, म्हणूनच ते शिकवणे शक्य होते.

पद कसे रिकामे होत गेले

आकाशवाणीचे उद्घोषक एके काळी ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून कराराने नेमले जात. १९८०च्या दशकात त्यांना सरकारी कर्मचाऱ्यांचा दर्जा मिळाला. या पेशाला निवृत्तिवेतनासह पूर्ण संरक्षण असण्याचा काळ तेवढाच, आणि तो फार टिकला नाही. १९९०च्या दशकात केंद्रांवरची नियमित उद्घोषक भरती आटली. संसदेने १९९० मध्ये प्रसार भारती कायदा केला; आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारे हे महामंडळ प्रत्यक्षात आले ते नोव्हेंबर १९९७ मध्ये. स्वायत्त महामंडळाने स्वतःची माणसे स्वतः भरावीत, अशी कल्पना होती. पण भरतीसाठीचे प्रसार भारती भरती मंडळ स्थापन व्हायला २०२० साल उजाडावे लागले. म्हणजे महामंडळाच्या पहिल्या बावीस-तेवीस वर्षांत कायम भरतीचे दार नीट उघडलेच नाही. मधल्या काळात कायद्यात दुरुस्ती होऊन, ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले कर्मचारी हे निवृत्तीपर्यंत महामंडळात प्रतिनियुक्तीवर असलेले सरकारी कर्मचारीच आहेत, असे मानले गेले. त्यांची सोय झाली, हे योग्यच झाले. पण त्या पिढीतील एकेक उद्घोषक निवृत्त होत गेला आणि त्याची खुर्ची पॅनेलवरच्या नैमित्तिक उद्घोषकांत वाटली गेली.

नैमित्तिक व्यवस्था मुळात वाईट नव्हती, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. कोणी रजेवर गेले तर सभा अडू नये, नवे आवाज ऐकू यावेत, दुसरा व्यवसाय करणाऱ्यांनाही मायक्रोफोनसमोर बसता यावे, यासाठी ती उपयोगी होती आणि आजही ज्यांचा चरितार्थ अन्यत्र चालतो त्यांना ती सोयीचीच वाटते. अडचण सुरू झाली ती पूरक म्हणून आणलेली ही व्यवस्था मुख्य होऊन बसली तेव्हा.

आता आकड्यांकडे पाहू. महिन्याला सहा म्हणजे वर्षाला ७२ ड्यूट्या, त्याही सगळ्या मिळाल्या तर. सलग सेवेसाठी १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातलेले माप वर्षाला २४० दिवसांचे होते. ७२ आणि २४० यांतले अंतर इतके मोठे आहे, की पॅनेलवर वीस वर्षे काढलेला माणूसही कागदावर कधी कर्मचारी ठरत नाही. त्याच्या हाती असतात फक्त वेगवेगळ्या तारखांची बुकिंगची पत्रे. केंद्राची सभा मात्र वर्षातले ३६५ दिवस चालते. काम कायमचे आणि माणूस नैमित्तिक, ही विसंगती एका पदाचे पाच-सहा जणांत तुकडे केल्यामुळे झाकली गेली.

न्यायालयाच्या वाटेवरही हाच अडसर आहे. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात निकाल दिला, की रीतसर निवडप्रक्रियेशिवाय घेतलेल्या कर्मचाऱ्यांना केवळ दीर्घ सेवेच्या बळावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर पदांवर, न्यायालयीन आदेशाच्या आधाराविना, दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काम केलेल्यांसाठी तेवढी एकदाच सवलत द्यावी. निकालामागचे तत्त्व समजण्यासारखे आहे, कारण सार्वजनिक नोकरी सर्वांना खुल्या स्पर्धेतूनच मिळाली पाहिजे. पण नैमित्तिक उद्घोषक तर जाहिरात, लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी यांतून निवडलेला असतो. मागच्या दाराने तो आलेला नाही. पुढच्याच दाराने येऊन ओसरीवर थांबवलेला आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय जल आयोगातील अर्धवेळ सफाई कामगारांच्या आणि माळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वर्षानुवर्षे नित्याचे काम करून घेतलेल्यांना डावलण्यासाठी उमादेवी निकालाची ढाल करता येणार नाही. उद्घोषकांना यातून आशा वाटणे साहजिक आहे. मात्र ते कामगार रोज कामावर येत होते आणि उद्घोषकाला महिन्यातून सहाच वेळा बोलावले जाते, हा फरक प्रत्येक सुनावणीत त्यांच्या आड येईल.

काम कमी होत गेले

येथवर सभा तरी शिल्लक होत्या. पुढच्या टप्प्यात त्याही आटू लागल्या. सातारा, बीड, धुळे, यवतमाळ, चंद्रपूर अशा ठिकाणी स्थानिक केंद्रे निघाली, ती जिल्ह्याने जिल्ह्याशी बोलावे म्हणून. अशा केंद्रांवरून दिवसाचा मोठा भाग मुंबईत बोरिवलीला तयार होणाऱ्या विविध भारतीच्या सहक्षेपणाने भरून काढणे सोपे असते. उपग्रहावरून आलेला आवाज पुढे सोडला, की स्टुडिओत उद्घोषक लागत नाही. विविध भारतीचे कार्यक्रम चांगले आहेत, त्यांच्यावर माझे प्रेम आहे. पण बोरिवलीचा एक तास जेव्हा जिल्ह्याच्या तासाची जागा घेतो, तेव्हा कोणा तरी स्थानिक माणसाच्या सहांतल्या दोन ड्यूट्या जातात. त्यासाठी त्याला कामावरून काढल्याचे पत्र कोणी देत नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत त्याचे नाव कमी वेळा येते, एवढेच. संपाची, वाटाघाटीची किंवा भरपाईची वेळच येत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. १९८८ पासून रात्रभर चालणारी ही वाहिनी नागपूरच्या १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून देशभर ऐकू जाई. त्याच निर्णयात अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग आणि तिरुअनंतपुरम येथील प्रादेशिक प्रशिक्षण संस्थाही बंद झाल्या. वाहिनी बंद होण्याची कारणे समजू शकतात : मध्यम लहरींवर ऐकणारे कमी झाले होते आणि प्रचंड प्रक्षेपक चालवण्याचा खर्च मोठा होता. प्रशिक्षण संस्था बंद करणे मला त्याहून गंभीर वाटते. जुना उद्घोषक निवृत्त झालेला, शिकवणारी संस्था बंद झालेली आणि नवा माणूस महिन्यातून सहा वेळा येणारा. मग तो च आणि ज कोणाकडून शिकणार?

पुण्याचे उदाहरण मात्र दुसरी बाजू दाखवते. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून त्याची बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचे ठरले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या या केंद्राच्या सकाळच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत चहाच्या वेळेशी जोडलेल्या होत्या. पुण्यातून जोरदार विरोध झाला आणि काही दिवसांतच निर्णय स्थगित करण्यात आला. श्रोते उरलेच नसते, तर हा विरोध झाला नसता. पण त्याचबरोबर हेही खरे, की पुण्याजवळ आवाज उठवणारे पुढारी आणि वृत्तपत्रे होती. एखाद्या जिल्ह्याच्या केंद्रावरची दुपारची सभा गेली, तर तिची बातमी त्याच जिल्ह्यातही क्वचितच छापून येते.

खासगी एफएमचा आसरा का मिळाला नाही

देशातील पहिले खासगी एफएम केंद्र जुलै २००१ मध्ये बंगळुरूला सुरू झाले, पुढच्या वर्षी मुंबईत खासगी वाहिन्या आल्या आणि २००५च्या दुसऱ्या टप्प्यानंतर महाराष्ट्रातील जिल्हा शहरांतही त्या पोहोचल्या. उद्घोषकांना तेथे जागा मिळेल, अशी अपेक्षा होती. ती फारशी फळली नाही. आरजेचे काम हा निराळा पेशा आहे; त्याची भाषा, वेग आणि वयोगट निराळा. शिवाय खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यामुळे वृत्तनिवेदनाचे कौशल्य तेथे उपयोगाचे नाही. २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने तर एका कंपनीला आपल्या जाळ्यातील सर्व केंद्रांवर एकच कार्यक्रम देण्याची मुभा दिली. एका शहरात ध्वनिमुद्रित केलेले बोलणे संगणकावरच्या गाण्यांच्या यादीत मधेमधे बसवून पाच शहरांत वाजवता येते. श्रोत्याला वाटते, कोणी तरी आपल्याशी बोलत आहे. त्या पाच शहरांपैकी चारांत त्या वेळी स्टुडिओत कोणीही नसण्याची शक्यता असते.

सामुदायिक रेडिओने थोडा आधार दिला. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीने गावातील लोकांना मायक्रोफोनपाशी आणले, हे मोलाचे काम आहे. पण अशा केंद्रांचे पल्ले आणि अंदाजपत्रके लहान असतात. पेशा म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही.

पॅनेलवरचे लोक मग जगतात कशावर? सूत्रसंचालन, जाहिरातींचे आवाज, माहितीपट, डबिंग आणि अलीकडे श्राव्य पुस्तके यांवर. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पालिकेच्या कार्यक्रमाच्या किंवा लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘आकाशवाणीच्या निवेदिका’ एवढे दोन शब्द छापले, की मानधन वाढते. सहा ड्यूट्यांच्या मिळकतीपेक्षा त्या दोन शब्दांची किंमत अधिक, म्हणून माणसे पॅनेल सोडत नाहीत. आकाशवाणी त्यांना पगाराऐवजी आपले नाव वापरू देते, असेच म्हणावे लागेल. सभा कमी होत गेल्या आणि ऐकणारे पांगले, की हे नाव किती दिवस चालेल, हा प्रश्न आहे.

यंत्र शेवटी आले

मे २०२४ मध्ये प्रसार भारतीच्याच डीडी किसान वाहिनीने ‘एआय क्रिश’ आणि ‘एआय भूमी’ हे कृत्रिम निवेदक आणले आणि ते पन्नास भाषांत बोलू शकतात, असे सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलंडच्या क्राकूव्ह शहरातील एका सार्वजनिक रेडिओ वाहिनीने कृत्रिम निवेदकांना मायक्रोफोन दिला. आधीच्या सुमारे डझनभर माणसांचे काम त्यापूर्वीच थांबवण्यात आले होते. त्या वाहिनीने २०१२ मध्ये निधन पावलेल्या कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांची कल्पित मुलाखतही प्रसारित केली, त्यावर संताप उसळला आणि थोड्याच दिवसांत प्रयोग आटोपता घ्यावा लागला. वाहिनीच्या प्रमुखांचे म्हणणे असे होते, की माणसांना यंत्रामुळे काढले नाही. वाहिनीला श्रोतेच नव्हते, म्हणून काढले. हे म्हणणे खरे मानले, तरी क्रम तोच राहतो. आधी बिनकायम माणसे गेली आणि मग मोकळ्या जागेत यंत्र बसले. यंत्राला चाकण आणि चिपळूण यांतला फरक शिकवता येईल, यात मला शंका नाही. शिकवण्यासाठी जे आवाज लागतील, ते ज्या लोकांचे असतील त्यांना त्याचा मोबदला आणि विचारणा मिळेल का, हे मात्र अजून कोणी ठरवलेले नाही, आणि बुकिंगच्या पत्रावर काम करणाऱ्याला ती अट घालण्याचे बळ नाही.

काचेमागे माणूस नसण्याची खरी परीक्षा पुरात होते. कोल्हापूरला पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. सांगलीला कृष्णेसाठी आयर्विन पुलावर हीच मापे ४० आणि ४५ फूट. पावसाळ्यात नदीकाठची गावे हे आकडे पाठ म्हणतात. वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात, तेव्हा सेलवर चालणारा रेडिओ उरतो. त्या क्षणी पाणी किती फुटांवर आहे, कोणता रस्ता बंद आहे, कोणत्या शाळेत निवारा उघडला आहे, हे बोरिवलीहून किंवा ध्वनिमुद्रित फितीवरून सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी त्या शहरातला, त्या नदीचे घाट माहीत असलेला माणूस केंद्रावर हजर असावा लागतो आणि सहक्षेपण तोडून बोलण्याचा अधिकार त्याच्याजवळ असावा लागतो.

पुढच्या लिलावापूर्वी

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रम आणि रोजगार, अशी त्यामागची कारणे सांगण्यात आली. या यादीत लातूर, चंद्रपूर आणि यवतमाळही आहेत. परंतु एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवर देण्याची २०११ची मुभा कायम राहिली, तर नवी वाहिनी म्हणजे एक प्रक्षेपक, एक जाहिरात विक्रेता आणि दूरच्या शहरातला ध्वनिमुद्रित आवाज, एवढ्यावरही भागू शकते. परवान्यात रोजचे ठरावीक तास त्याच शहरातून, त्याच शहरात राहणाऱ्या निवेदकाने थेट द्यावेत, अशी अट घातली गेली तरच रोजगाराच्या आश्वासनाला अर्थ राहील. आकाशवाणीपुरते बोलायचे, तर प्रत्येक केंद्रावर निदान दोन पूर्णवेळ उद्घोषकांची पदे भरती मंडळामार्फत भरावीत, पॅनेलवर दहा वर्षे झालेल्यांना त्या परीक्षेत वयाची सवलत आणि अनुभवाचे गुण द्यावेत, आणि नैमित्तिक व्यवस्था पुन्हा रजेच्या बदलीपुरती ठेवावी. एका केंद्रावरची दोन पदे हा मोठा खर्च नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर येथे आकाशवाणीची केंद्रे आधीपासूनच आहेत. सुरुवात तेथून करता येईल.